हेस्टरच्या बोलण्याला कुलूप

आमच्या नॉरफोक बेटावर माणूस एक वेळ जेवायची हाक ऐकून उठणार नाही, पण ‘जहाज आलं’ म्हटलं की हातातलं टाकून उठतो. त्याला कारण आहे. बेटाला बंदर नाही. जहाज लांब समुद्रात उभं राहतं आणि पिठाच्या गोणीपासून मोटारीपर्यंत सगळं उघड्या होड्यांतून धक्क्यावर उतरवावं लागतं. लाटा मोठ्या असल्या तर जहाज चार दिवस घिरट्या घालतं, आणि कधी कधी आमचा सगळा माल पोटात घेऊन तसंच परत निघून जातं. अशा वेळी इथली माणसं त्याला ज्या शिव्या घालतात त्या कानांनी ऐकाव्यात, कागदावर उतरवण्यासारख्या नाहीत.

डेन्झिलनं अख्खं आयुष्य त्या होड्यांवर काढलं. सहा फूट उंची, फावड्याएवढे पंजे, आणि भूक अशी की शाळेतच त्याला ‘गॅनेट’ नाव पडलं. गॅनेट म्हणजे आमच्याकडचा एक अधाशी समुद्रपक्षी. सत्तरी ओलांडली तरी ते नाव काही सुटलं नाही. इथं सगळ्यांना अशी नावं असतात, त्यामुळे वाईट वाटून घेण्याची सोय नाही.

त्याची बायको आल्मा. तिची आठवण गेली काही वर्षं हळूहळू निघून चालली होती. सकाळी ती बरी असायची. चहा प्यायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, डेन्झिलकडे बघून ओळखीचं हसायची. ओळख कसली, ते मात्र तिला सांगता यायचं नाही. दिवस कलला की ती बिथरायची. ‘मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल,’ म्हणत दाराकडे निघायची. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि ते घर पाडून तिथं पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या उठल्या होत्या. डेन्झिलनं एकदा तिला हे खरं खरं सांगितलं, तर आई आत्ताच गेल्यासारखा तिनं हंबरडा फोडला. पुन्हा त्यानं ती चूक केली नाही.

यावर औषध एकच होतं, आणि ते कॉम्प्युटरमध्ये होतं. आल्माची आई हेस्टर थकत चालली तेव्हा आल्मानंच कॅमेरा घेऊन तिचं चित्रण केलं होतं. म्हातारी स्वयंपाकघरात बसून दगडावर हिरवी केळी किसते आहे, त्यांचे उंडे करायला, आणि किसता किसता बोलते आहे. बोलणं तरी काय, तर कोणाची गाय कोणाच्या बागेत शिरली, गावातला पहिला पियानो होडीतून कसा उतरवला, आल्मा लहानपणी वडलांचे बूट घालून धक्क्यावर कशी जाऊन बसायची. तासभर नुसता संसार. संध्याकाळ झाली की डेन्झिल ते लावायचा. आल्मा मांडीवर हात ठेवून बसायची आणि ऐकता ऐकता शांत व्हायची. बोलायची नाही. बोलणं तर तिचं जवळजवळ बंदच झालं होतं.

हे औषध लागू पडत होतं म्हणून आल्मा घरी होती. इस्पितळातल्या मॅक्सीन नर्सनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ‘हे बघ गॅनेट, तुझ्या घरामागं कडा आहे. ती संध्याकाळची बाहेर पडायला लागली तर मला गप्प बसता येणार नाही. अशा माणसांना सांभाळायला बंद दाराची जागा आपल्याकडे नाही. ब्रिस्बेनला पाठवावं लागेल.’ ब्रिस्बेन म्हणजे विमानात बसून समुद्रापार. आल्मा तिथं कोणाला ओळखणार, आणि तिला तरी तिथं कोण ओळखणार? डेन्झिल त्या दिवशी मान हलवून घरी आला आणि हेस्टरच्या चित्रणासमोर हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. सासूबद्दल इतकं प्रेम त्याला ती जिवंत असताना कधी वाटलं नव्हतं.

तर अशा दिवसांत त्यानं आल्मासाठी एक खुर्ची मागवली होती. बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणारी. खुर्ची जहाजावर होती आणि जहाज कुठं होतं ते देवाला माहीत. आणि एका दुपारी कॉम्प्युटरवर ईमेल आली, ‘आपला माल धक्क्यावर अडकला आहे, सोबतचा कागद उघडून खात्री करा.’

आता जहाजाची बातमी म्हटल्यावर बेटावरचा कोणता माणूस थांबेल? त्यानं दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. होडीवाल्याची सवय, पहिल्या हिसक्याला दोर आला नाही तर दुसरा हिसका. मग कॉम्प्युटरनं विचारलं, ‘परवानगी आहे का?’ डेन्झिलनं दिली. आमच्याकडे कोणी ‘आत येऊ का’ विचारलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. कागद काही उघडला नाही. तो कंटाळून कोंबड्यांकडे गेला.

संध्याकाळी आल्मा दाराशी घुटमळायला लागली, तेव्हा त्यानं नेहमीसारखं हेस्टरचं चित्रण लावायला घेतलं. त्याच्या जागी एक कोरा चौकोन होता आणि खाली भलतंच नाव. दुसरं उघडून बघितलं, तेही तसंच. लग्नाचे फोटो, नातवंडांचे फोटो, सगळं तसंच. आणि मग पडदाभर लाल मजकूर आला. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे. किल्ली हवी असेल तर पैसे भरा. मुदत संपली की किल्ली नष्ट होईल.

हलकटांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं, हे आणखी.

डेन्झिलनं तेओला फोन लावला. तेओ ही आल्माच्या बहिणीची मुलगी. विमानतळाच्या अग्निशमन दलात नोकरीला, शिवाय मध विकते, शिवाय बेटावरचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका माणसाला एकच काम असलं तर इथं लोक त्याला आळशी समजतात.

‘काका, आधी इंटरनेटची वायर उपट,’ ती म्हणाली. ‘बोलू नकोस, उपट. उपटलीस? आता त्याला आणखी काय काय जोडलंय?’

‘तू दिलेली ती काळी डबी.’

‘प्रत ठेवायची डबी? ती लावलेलीच आहे?’

‘हो.’

तिकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘तीही काढ. कशालाही हात लावू नकोस, पैसेबैसे भरू नकोस. मी येते.’

ती गणवेशातच आली, बूट दारात काढले आणि कॉम्प्युटरसमोर बसली. लाल मजकुराचा तिनं फोनवर फोटो काढला. मग काळी डबी स्वतःबरोबर आणलेल्या छोट्या कॉम्प्युटरला सावधपणे लावून बघितली. डबीतही तेच. कोरे चौकोन.

‘काका, मी तुला काय सांगितलं होतं? प्रत घ्यायची आणि डबी काढून कपाटात ठेवायची.’

‘काढायची कशाला? घरातच तर आहे.’

‘म्हणूनच. चोर घरात शिरला, त्यानं टेबल उघडलं आणि टेबलाला टेकून ठेवलेली तिजोरी पण उघडली. पासवर्ड काय होता?’

‘ठेवला नव्हता. कोणाला वापरायचा असला तर?’

तेओ रागावायला गेली आणि तिला हसूच आलं. बिचारीचं घरही तसंच होतं. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं आणि गाडीची किल्ली गाडीतच असते. चोरानं चोरलं तरी नेणार कुठं, सगळीकडून समुद्र. ‘पण काका,’ ती म्हणाली, ‘आताच्या चोरांना इथं यायला विमानाचं तिकीट काढावं लागत नाही रे.’

‘सुटेल का?’

‘बघते. काही कुलपांच्या किल्ल्या पोलिसांनी आणि जाणकारांनी मिळून फुकट ठेवल्यात. मी येण्याआधी शोधलं. या जातीची अजून निघालेली नाही.’

‘मग भरू का पैसे?’

‘आणि किल्ली मिळेल याची हमी कोण देणार? तो? एकदा दिलेस की त्यांना कळतं, या दाराशी आलं की मिळतं. मग पुन्हा येतात.’

‘मला बाकी काही नको, तेओ,’ डेन्झिल म्हणाला. ‘फोटो गेले तर जाऊ देत. हेस्टरचं बोलणं तेवढं काढून दे.’

तेओनं त्याच्याकडे बघितलं नाही. ‘कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ असेल ना?’

‘त्यावर मी नंतर कोंबड्यांचे फोटो काढले.’

‘किती?’

‘पुष्कळ,’ डेन्झिल म्हणाला, आणि खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी तो अगदी लहान दिसत होता. ‘माझ्या हातानं झालं सगळं. मीच दार उघडून दिलं.’

‘जहाजाचं नाव घेतल्यावर मी पण उघडलं असतं,’ तेओ म्हणाली. हे ती त्याच्या समाधानासाठी म्हणाली. तिनं उघडलं नसतं. ‘कोणाला प्रत दिली होती का कधी?’

‘ते आल्मालाच ठाऊक.’

दोघांनी आल्माकडे बघितलं. ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती.

तेओनं जाताना सगळं समजावलं. कुलूप पडलेल्या फाइली ती वेगळ्या डबीवर काढून जपून ठेवणार होती, कारण आज ना उद्या किल्ली निघते कधी कधी. कॉम्प्युटर धुऊन पुसून पहिल्यापासून उभा करणार होती. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड तिनं तिच्या कॉम्प्युटरवरून तिथल्या तिथं बदलायला लावला, आणि सरकारला कळवायचं तेही तिनंच कळवलं. डेन्झिल हो हो म्हणत होता. त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

त्या संध्याकाळी तो आल्माबरोबर बाहेर पडला. अडवून ती ऐकेना, मग काय करणार? दोघं रस्त्यानं चालत राहिली. रस्त्यात गाई बसल्या होत्या, त्यांना वळसा घालून गेली. येणारी प्रत्येक गाडी स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करत होती, आणि आल्माही हात उचलत होती. शेवटी एका गाडीवाल्यानं थांबून दोघांना बसवलं, चर्चपर्यंत चक्कर मारली आणि घरी आणून सोडलं. तोवर आल्मा दमली होती. असं दोन-तीन वेळा निभावलं.

मग एकदा डेन्झिल चुलीवरची किटली उतरवत होता तेवढ्यात ती निसटली. तो धावला. पुढच्या रस्त्यावर ती नव्हती. ती मागं गेली होती, कड्याच्या बाजूला, कुंपणाच्या तारेला धरून उभी होती आणि समुद्राकडे तोंड करून आईला हाक मारत होती. तार जुनी होती. डेन्झिलनं तिला मिठीत धरलं आणि पावलापावलानं मागं घरात आणलं.

बेटावर बातमीला जहाज लागत नाही. सकाळी दुकानात पाव घेताना मॅक्सीननं त्याला बाजूला घेतलं. ‘गॅनेट, आजच्या आज दाराला कडी लाव. वर, तिचा हात पोचणार नाही अशी. आणि तेवढ्यानं नाही भागलं तर मग मला वाईट म्हणू नकोस.’

तो कडी घ्यायला गेला. दुकानदारानं विचारलं, ‘गोठ्याला का?’

‘हो,’ डेन्झिल म्हणाला. खोटं बोलला. घराला कडी असं सांगायची त्याला लाज वाटली.

दुपारी त्यानं पुढच्या आणि मागच्या दाराला वर कड्या ठोकल्या. आल्मा बाजूला उभी राहून त्याच्या हातात खिळे देत होती. ते बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस कलला. आल्मा उठली, केस सारखे केले आणि दाराशी गेली. मूठ फिरवली. दार हललं नाही. तिनं पुन्हा फिरवली. उभ्या जन्मात तिनं कडी घातलेलं दार बघितलं नव्हतं, आपलंही नाही आणि दुसऱ्याचंही नाही. डेन्झिलला वाटलं, आता ही ओरडणार, दारावर धडका मारणार. तेवढी त्याची तयारी होती. पण ती ओरडली नाही. ती एक पाऊल मागं सरली, अंगावरचा स्वेटर नीट केला, आणि आपल्याच घराच्या दारावर आतून, हळूच, टकटक केली.

‘कोणी आहे का घरात?’ ती म्हणाली. ‘जरा उघडता का?’

कोणी उघडेना तेव्हा तिनं पुन्हा टकटक केली. पाहुण्यानं करावी तशी, शेजाऱ्यांना त्रास नको अशा बेतानं. ‘माफ करा हं. फार वेळ घेणार नाही.’

डेन्झिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्यानं हे बघवेना. जाऊन कडी काढली तर कडा होता, आणि नाही काढली तर ती रात्रभर अशीच नम्रपणे दार वाजवत राहिली असती. त्याला रडू फुटलं. आणि रडता रडता त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

‘आलीस का पोरी? पाय पुसून ये. आत्ताच फरशी पुसलीय.’

चित्रणात हेस्टरचं पहिलं वाक्य हेच होतं.

आल्मा वळली. तिनं पायपुसण्यावर आधी उजवा पाय पुसला, मग डावा, आणि आत येऊन टेबलाशी बसली. दोन्ही हात मांडीवर.

आता पुढं काय? डेन्झिलनं डोळे पुसले. हेस्टर बोलताना केळी किसायची, म्हणून त्यानं घडातली हिरवी केळी तोडली आणि हेस्टरचाच तो खडबडीत दगड काढला. जन्मात कधी किसली नव्हती. पहिल्याच केळ्याला बोटाचं सालटं गेलं. पण बोलणं येत होतं. किती संध्याकाळी तो ते ऐकत त्या खोलीत बटाटे सोलत बसला होता, त्याला काय माहीत की ते सगळं आत जाऊन बसलंय? आवाज त्यानं बायकी काढला नाही. तसं नाटक त्याला जमलं नसतं. त्याच्या घोगऱ्या आवाजातच हेस्टर बोलत राहिली.

‘मग तो पियानो होडीत घातला,’ तो म्हणाला. ‘आठ माणसं धरायला. तुझा बाप पुढं. धक्क्यावर घेताना लाट आली, पियानो आपटला आणि सगळे सूर एकदम वाजले. आणि मग...’

मग काय, ते त्याला आठवेना. हातातलं केळं तसंच राहिलं. चित्रणातली हेस्टर कधी अडायची नाही, कोणाची वाट बघायची नाही. डेन्झिल अडला.

‘घोडी बुजली,’ आल्मा म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

‘गाडीची घोडी,’ ती म्हणाली. ‘बुजली आणि सुटली. थेट स्मशानापर्यंत. माझी टोपी गाडीत होती.’

टोपीचं चित्रणात कुठंही नव्हतं. डेन्झिलनं ते पहिल्यांदाच ऐकलं. पन्नास वर्षांच्या संसारात हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

‘मग सापडली का टोपी?’ त्यानं विचारलं.

‘नाही ना,’ आल्मा म्हणाली, आणि अशी हसली की डेन्झिलला पुन्हा डोळे पुसावे लागले. केळ्याचे उंडे त्या दिवशी नारळाच्या दुधात शिजून खळ झाले. गॅनेट असूनही त्याला ते जेमतेम गिळवले. आल्मानं मात्र दोनदा मागून घेतले.

सकाळी त्यानं दोन्ही कड्या उपटून टाकल्या. मॅक्सीन बघायला आली, संध्याकाळपर्यंत थांबली, दारात उभं राहून सगळं ऐकलं आणि ब्रिस्बेनचं नाव न काढता गेली. जाताना तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, ती चांगली जोरात.

मग रोजचंच झालं. रस्त्यानं जाणाऱ्यांना खिडकीतून ऐकू यायचं. ‘काय गॅनेट, सासू अंगात आली का?’ कोणीतरी ओरडलंच. ‘आली,’ डेन्झिल आतून म्हणाला, ‘आणि विचारतेय, नेलेली शिडी कधी परत करणार.’ त्यानंतर त्या बाजूनं चेष्टा कमी झाली.

पण सोपं नव्हतं ते. सत्तरीच्या माणसानं दिवसभर सगळं करायचं, वर रोज तासभर दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं. घसा बसायचा. कधी ताप आला, तरी संध्याकाळ काही थांबत नाही. शिवाय त्याला भीती वाटायची की बोलता बोलता हेस्टरचं मूळ बोलणं झिजत चाललंय, उद्या आपणही विसरलो तर? चित्रण परत मिळावं, एवढंच तो मनात घोकत होता. ते मिळालं की आपण नुसतं शेजारी बसू, असं त्याला वाटायचं.

तेओ गप्प बसली नव्हती. आल्मानं कोणाला प्रत दिली असेल हे ती भेटेल त्याला विचारत होती. आल्माची एक सवय सगळ्यांना माहीत होती. कोणाचं भांडं घरी आलं तर ते ती कधी रिकामं परत करायची नाही. चार अंडी, लिंबं, काही नाही तर अंगणातली फुलं. तेओनं ऑकलंडला लेकीकडे राहायला गेलेल्या शेजारच्या फ्लोबाईंना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अंडी नाही बाई, मला एकदा पुडिंगच्या भांड्यात सिगारेट पेटवायचं लायटर पाठवलं होतं आल्मानं. मी कुठं ओढते? टाकलं खणात.’

‘फ्लोआजी, जरा खणात बघता का?’ तेओ म्हणाली.

ते लायटर नव्हतं, पेन ड्राइव्ह होता.

ऑकलंडच्या विमानानं कोणाच्या तरी पर्समधून तो आला. तेओनं तो आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासला, त्यातल्या हेस्टरच्या चित्रणाच्या तीन प्रती केल्या आणि मगच डेन्झिलकडे घेऊन आली. ‘एक इथं, एक माझ्या घरी, एक अग्निशमन दलाच्या कपाटात. इथली डबी काम झालं की उपटायची. नवा पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. आणि जहाजाबद्दल ईमेल आली तर?’

‘धक्क्यावर फोन करायचा,’ डेन्झिल शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. खुर्ची अजून समुद्रातच होती.

दिवस कलला. आल्मा पाय पुसून येऊन बसली. डेन्झिलनं सवयीनं केळी पुढ्यात घेतली होती, ती त्यानं बाजूला सारली. तेओनं चित्रण लावलं. आणि हेस्टर बोलायला लागली, तोच चिरका आवाज, तीच केळी, तीच खिडकी. डेन्झिलच्या खांद्यांवरून मोठं ओझं उतरलं. त्यानं डोळे मिटले. थकवा म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी कळलं.

आल्मानं पडद्यावरच्या बाईकडे शिष्टाचारानं बघितलं. मग डेन्झिलकडे बघितलं. मग चुळबुळली. हेस्टर पियानोपर्यंत पोचली, पियानो आपटला, घोडी सुटली, आणि आल्मा तेओच्या हाताला हात लावून म्हणाली, ‘बाळ, ते जरा बंद करशील का? मला आईचं ऐकू येत नाहीये.’

ती डेन्झिलकडे बघत होती.

तेओनं बंद केलं. खोटं कशाला सांगू, डेन्झिलला आधी वाईटच वाटलं. एवढ्या दिवसांनी मिळालेली सासू हिनं एका शब्दात घालवली, आणि पन्नास वर्षं संसार केलेला नवरा तिच्या लेखी या घरात नव्हताच. पण आल्मा वाट बघत होती. त्यानं केळी पुन्हा ओढली, दगड घेतला आणि हेस्टर जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केलं. गोंधळात त्याच्या तोंडून चित्रणातलं पुढचं वाक्य जसंच्या तसं निघून गेलं. रोज तो तेवढं गाळायचा. ते त्याच्याबद्दल होतं.

‘आणि तो तुझा नवरा, सदा त्या होड्यांवर. म्हातारपणी तुझं कोण करणार गं, पोरी?’

हेस्टरनं हे म्हटलं होतं तेव्हा कॅमेऱ्यामागं आल्मा नुसती हसली होती. आता ती हसली नाही. तिनं मागं वळून दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग पुढं वाकून केळ्यानं चिकट झालेल्या त्या मोठ्या हातावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून आईला सांगितलं.

‘तो करतो ना गं. सगळं तोच करतो. त्याला काही बोलू नकोस, हल्ली फार दमतो.’